वाचकांचे प्रश्न: जॉन हर्टचा अंगठा

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं एकाच अल्बमबद्दल आहेत: अमेरिकन गायक-गिटारवादक मिसिसिपी जॉन हर्टचा ‘टुडे!’ (व्हॅनगार्ड कंपनी, १९६६). एक माणूस, एक गिटार, बारा गाणी. ऐकताना सगळं सोपं वाटतं आणि गिटार हातात घेतली की घोळ सुरू होतो. म्हणून वाजवण्याचे प्रश्न आधी घेतले आहेत.

प्रश्न: सी, एफ, जी या कॉर्ड्स मला स्वच्छ येतात. ‘लुई कॉलिन्स’ वाजवताना नुसता अंगठा चालू असतो तोवर सगळं ठीक असतं. बोटांनी चाल वाजवायला लागलो की अंगठा अडखळतो. कुठे चुकतंय?

बोटं चुकत नाहीत, अंगठ्यालाच अजून लक्ष लागतं आहे. हर्टच्या वादनात अंगठा म्हणजे ठेका धरणारा वेगळा माणूस समजा. बोटं काय करतात याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. तुम्ही दोघांना एकाच वेळी शिकवायला बसलात, तिथे गाडं अडलं.

‘लुई कॉलिन्स’ काही दिवस बाजूला ठेवा. त्यात डाव्या हातालाही कॉर्ड बदलाव्या लागतात, म्हणजे एकदम तीन कामं होतात. त्याऐवजी याच अल्बममधलं ‘स्पाइक ड्रायव्हर ब्लूज’ घ्या. ते जवळजवळ पूर्ण जी कॉर्डवरच चालतं. सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेचा तिसरा फ्रेट (गिटारच्या मानेवरचं पट्ट्यांमधलं घर) अनामिकेने दाबा आणि चौथी तार मोकळी ठेवा. अंगठा सहावी, चौथी, सहावी, चौथी असा चार मात्रांत फिरू द्या. मेट्रोनोम ६० वर, म्हणजे मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा. रोज पाच मिनिटं एवढंच करा, बोटं लावायचीच नाहीत. अंगठा तयार झाला की नाही हे पाहायला समोर कुठलाही छापील मजकूर ठेवा आणि अंगठा चालू असताना मोठ्याने वाचा. स्वल्पविरामापाशी अंगठाही थांबला, तर आणखी काही दिवस हेच.

त्यानंतर ‘चिमटा’. पहिल्या मात्रेवर अंगठा आणि मधलं बोट एकदम, अंगठा सहाव्या तारेवर आणि बोट पहिल्या तारेवर. बाकीच्या तीन मात्रा अंगठा एकटाच. हे जमलं की चिमटा तिसऱ्या मात्रेवर न्या. इथपर्यंत बहुतेक जण पोचतात.

खरी अडचण मात्रांच्या मधल्या सुरांची आहे, कारण हर्टच्या चालीतला झोका तिथेच असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेच्या बरोबर मध्ये तर्जनीने दुसरी तार छेडायची. आता दोनपैकी एक चूक होते: तो सूर सरकून अंगठ्याच्या मात्रेला चिकटतो, किंवा अंगठा त्या सुरासाठी थांबतो. दुसरी चूक जास्त वाईट, कारण तिची सवय जडते आणि वेग वाढवल्यावर ती ऐकूही येत नाही. उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. मेट्रोनोम ४५ वर आणा आणि आवर्तनातल्या त्या दोनच मात्रा वीस वेळा फिरवा. संपूर्ण ओळ वाजवू नका. ओळ वाजवली की कान चालीकडे जातो आणि अंगठा मोकाट सुटतो.

मग सी. पाचव्या तारेचा तिसरा फ्रेट, चौथ्या तारेचा दुसरा, पुन्हा पाचवी, पुन्हा चौथी. पुढे तिसऱ्या मात्रेला अनामिका पाचव्या तारेवरून सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर न्यायची म्हणजे खालचा जी मिळतो. घाई नको, आधीचा प्रकारही कानाला पुरतो. एफ साठी डाव्या हाताचा अंगठा मानेवरून वळवून सहाव्या तारेचा पहिला फ्रेट दाबा. हात लहान असेल तर सहावी तार सोडून द्या. चौथ्या तारेचा तिसरा फ्रेट आणि तिसऱ्या तारेचा दुसरा फ्रेट यांच्यात अंगठा फिरवा. खर्ज थोडा पातळ होईल, पण ठेका तुटणार नाही. सहाही तारांवर आडवं बोट टाकून धरलेला एफ इथे टाळाच. त्यात करंगळी अडकते आणि चालीचे सूर घ्यायला बोटच उरत नाही.

उजवा हात: हर्ट अनामिका आणि करंगळी गिटारच्या फळीवर टेकवत असे. त्याने हात स्थिर राहतो, पण टेकवायचं म्हणजे दाबायचं नाही. दाबलंत तर मनगट ताठ होतं. अंगठा बोटांच्या पुढे, म्हणजे मानेच्या बाजूला असू द्या, नाहीतर तो तर्जनीवर आपटतो. गाणं म्हणायची पाळी सगळ्यात शेवटी, आणि आधी नुसतं गुणगुणून.

प्रश्न: ‘पे डे’ कोणत्याही कॉर्डमध्ये बसवलं तरी रेकॉर्डसारखं वाजत नाही.

बसणार नाही, कारण ते नेहमीच्या ट्युनिंगमध्ये नाही. ओपन डी लावा, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की डी कॉर्डच वाजते. पाचवी आणि चौथी तार आहेत तशाच राहतील. सहावी ई वरून डी, तिसरी जी वरून एफ शार्प, दुसरी बी वरून ए आणि पहिली ई वरून डी. ट्यूनर नसेल तर फ्रेटवरून पडताळा घ्या. सहाव्या तारेचा सातवा फ्रेट मोकळ्या पाचवीशी जुळला पाहिजे, पाचवीचा पाचवा मोकळ्या चौथीशी, चौथीचा चौथा मोकळ्या तिसरीशी, तिसरीचा तिसरा मोकळ्या दुसरीशी आणि दुसरीचा पाचवा मोकळ्या पहिलीशी.

तार उतरवताना थेट सुरावर थांबू नका. सुराच्या थोडं खाली जा आणि मग वर ओढत सुरावर या. वरून खाली येऊन थांबलात तर खुंटीच्या दात्यांत ढील राहते, मानेवरच्या खाचेत तार अडकलेली असते, आणि दोन कडव्यांत सूर हलतो. सहावी तार फ्रेटवर खडखडत असेल तर तारा पातळ आहेत. ११ च्या संचाऐवजी १२ चा घ्या, म्हणजे पहिली तार ०.०१२ इंच आणि सहावी ०.०५३ इंचाच्या आसपास. हे सगळं करूनही रेकॉर्डशी अर्ध्या सुराचा फरक राहिला, तर कापो (मानेवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चाप) लावून किंवा सगळ्या तारा सारख्याच उतरवून जुळवा. स्टुडिओत येताना कुणी ट्युनिंग फोर्कची शपथ घेतलेली नसते.

प्रश्न: वापरलेली ‘टुडे!’ मागवली आणि आली ती इलेक्ट्रिक गिटार, हार्मोनिका आणि ड्रम्स असलेली. फसवणूक झाली का?

फसवणूक नसावी, नावाचा गोंधळ आहे. व्हॅनगार्डने १९६६ मध्ये ‘टुडे!’ हा शब्द बऱ्याच मुखपृष्ठांवर छापला. ‘शिकागो/द ब्लूज/टुडे!’ ही तीन भागांची मालिका शिकागोच्या इलेक्ट्रिक बँडची. स्किप जेम्सच्या अल्बमचं नावही ‘टुडे!’च. त्याची गिटार अकूस्टिक आहे, पण तिचा रंग हर्टच्या अगदी उलट: मायनर ट्युनिंग, उंच कातर आवाज, अंगावर येणारी उदासी. (तुम्हाला चुकून तो आला असता तर परत करू नका असंच सांगितलं असतं.) हे पाचही क्रमांक ओळीने आहेत. शिकागो मालिका व्हीएसडी ७९२१६ ते ७९२१८, स्किप जेम्स ७९२१९, हर्ट ७९२२०. यापुढे नाव नाही, क्रमांक विचारा. हर्टच्या मोनो प्रतीवर व्हीआरएस ९२२० असतं.

प्रश्न: यातली काही गाणी हर्टने १९२८ मध्येही रेकॉर्ड केली होती. ती इतकी जलद का वाटतात? तबकडीचा वेग चुकला आहे का? आणि शिकायला कोणती बरी?

जुन्या तबकड्यांचा वेग नेहमी मिनिटाला काटेकोर ७८ फेरे नसे हे खरं, पण तेवढ्याने हा फरक पडत नाही. हर्ट खरोखरच जलद वाजवत होता. १९२८ मध्ये फेब्रुवारीत मेम्फिस आणि डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क इथे ओके या रेकॉर्ड कंपनीसाठी ही ध्वनिमुद्रणं झाली, तेव्हा तो पस्तिशीचा होता. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळत, त्यात सगळी कडवी बसवायची. ‘टुडे!’च्या वेळी तो सत्तरी ओलांडलेला होता आणि एलपीवर वेळेची घाई नव्हती.

मधली पस्तीस वर्षं रेकॉर्ड नाहीत याचं कारण साधं आहे. तबकड्या फारशा खपल्या नाहीत, पाठोपाठ महामंदी आली, आणि तो मिसिसिपीतल्या ॲव्हलॉन या वस्तीत शेतीच्या कामाला परतला. १९५२ च्या फोकवेज कंपनीच्या ‘अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक’मध्ये त्याची दोन गाणी आली आणि तरुण गिटारवाल्यांच्या कानावर पडली. त्याच्या जुन्या तबकडीवरच्या एका गाण्यात गावाचं नाव होतं. त्यावरून टॉम हॉस्किन्स या ब्लूजच्या शौकिनाने १९६३ मध्ये त्याला शोधून काढलं. त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवत होता. २ नोव्हेंबर १९६६ ला तो गेला, म्हणजे दुसरी कारकीर्द जेमतेम साडेतीन वर्षांची.

शिकायला ‘टुडे!’. अंगठा आणि बोटं त्यात वेगवेगळी ऐकू येतात, जुन्या तबकडीत खर्ज खरखरीत बुडतो. हात बसल्यावर मात्र १९२८ ची ऐकाच. ‘कँडी मॅन’ दोन्हीकडे आहे, तुलनेला तेच घ्या. संगणकावर वेग कमी करताना सूर कायम ठेवणारा पर्याय निवडा. नाहीतर अर्ध्या वेगाला सगळं एक सप्तक खाली जातं आणि खर्जाच्या तारा नुसत्या गुरगुरतात.

प्रश्न: मोनो प्रत मिळाली आहे, पण स्टिरिओ प्लेअरवर फार खरखरते. वेगळी सुई लागेल का?

१९६६ च्या मोनो एलपीला नेहमीची ०.७ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) स्टिरिओ सुई चालते. (७८ च्या तबकडीला साधारण ३ मिलची लागते. तिथे बारीक सुई खोबणीच्या तळाशी घासते आणि तिथली घाण वाजवते.) मोनो खोबणीत संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं. स्टिरिओ कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) उभी हालचालही वाचतं, आणि तिच्यात धूळ नि झीज सोडून काही नसतं. ॲम्प्लिफायरवर ‘मोनो’ बटण असेल तर दाबा. दोन्ही बाजू एकत्र होतात आणि उभ्या हालचालीचा आवाज एकमेकाला कापतो. बटण नसेल तर संगणकावर घेताना डावी-उजवी बाजू मिसळा. खोबणीची एकच बाजू झिजलेली असेल तर मिसळण्यापेक्षा चांगली बाजू तेवढी ठेवलेली बरी. जुन्या मोनो कार्ट्रिजवर स्टिरिओ प्रत मात्र लावू नका. त्याची सुई वर-खाली लवचीक नसते, खोबणी खरवडून निघते.

प्रश्न: याला ब्लूज म्हणायचं का? निम्मी गाणी तशी वाटत नाहीत.

बरोबर वाटतं. ‘ब्यूला लँड’ धार्मिक गीत आहे, ‘लुई कॉलिन्स’ एका खुनाचं कथागीत, ‘हॉट टाइम इन द ओल्ड टाउन टुनाइट’ एकोणिसाव्या शतकातलं लोकप्रिय गाणं. नाचाला, चर्चमध्ये आणि ओसरीवर लागेल ते गाणाऱ्या अशा गायकाला तिकडे ‘साँगस्टर’ म्हणतात, आणि हर्टला तोच शब्द शोभतो. ब्लूजचा ठरलेला बारा आवर्तनांचा साचा शोधत बसलात तर ‘कँडी मॅन’पाशीच अडाल.

प्रश्न: ‘कॉफी ब्लूज’मधला चमचा कसला?

वरवर पाहता मॅक्सवेल हाउस कॉफीचा. गाण्याच्या आधी हर्ट स्वतःच तसं बोलून दाखवतो. आतला अर्थ ओळखायला फार डोकं लागत नाही. ‘द लव्हिन’ स्पूनफुल’ (स्पूनफुल म्हणजे चमचाभर) या न्यूयॉर्कच्या बँडने आपलं नाव याच गाण्यातून उचललं.