साइट घेतेस, पण हातात काय येणार?

टिळकवाडी, बेळगाव

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तू विकत घ्यायचं म्हणतेस त्या साइटचे स्क्रीनशॉट बघितले. नोकरभरती आणि सरकारी योजनांची मराठी साइट, महिन्याला सरासरी १५,००० रुपये कमाई, मागणी ३,६०,०००. ‘बाजारात चोवीस महिन्यांचा भाव चालतो’ असं विकणाऱ्याने तुला सांगितलंय. चालतो, त्यात खोटं नाही. फ्लिपासारख्या साइट-बाजारात छोट्या साइट्सचे सौदे बऱ्याचदा दोन-तीन वर्षांच्या आकड्याभोवतीच फिरतात. पण तो आकडा नफ्याचा असतो, कमाईचा नाही. त्याने गुणाकार कमाईचा केलाय.

खर्च म्हणजे डोमेन-होस्टिंगचे वर्षाला सहा हजार, बाकी काही नाही, असं तो म्हणतो. मग रोज चार तास बसून भरतीच्या जाहिराती वाचतो कोण, पात्रता, वयोमर्यादा, शेवटची तारीख मराठीत लिहितो कोण? तोच की! तो स्वतःला पगार देत नाही म्हणून ते काम फुकट होत नाही. उद्या तू एखाद्या मुलाला महिन्याला ६,००० देऊन हे करून घेतलंस, तर तेवढे आणि होस्टिंगचे ५०० वजा कर. स्वतः लिहिणार असशील तरी वजाच कर, कारण ती तुझी मजुरी आहे.

आता महिने बघ. त्याची बारा महिन्यांची सरासरी जुलै २०२४ पासून सुरू होते. लाडकी बहीण योजना जून २०२४ च्या अखेरीस जाहीर झाली आणि जुलैत अर्ज सुरू झाले. त्या सुरुवातीच्या महिन्यांत फॉर्म, कागदपत्रं, यादी शोधायला लोकांची झुंबड होती. योजनांची कुठलीही मराठी साइट तेव्हा चालली असती. तुझ्याच स्क्रीनशॉटवरून फक्त शेवटच्या तीन महिन्यांची सरासरी काढली तर ती ९,००० येते. त्यातून ६,५०० गेले, उरले २,५००. चोवीसने गुण. साठ हजार. मी साठच हजार दे म्हणत नाही, पण बोलणी कुठून सुरू करायची ते यावरून ठरव.

हा हिशेबही त्याने दिलेले आकडे खरे धरून केलाय. स्क्रीनशॉटवर माझा काडीचा विश्वास नाही. ब्राउझरमध्ये उजवं क्लिक करून पानावरचा कुठलाही आकडा दोन मिनिटांत बदलता येतो. त्याच्याकडून सर्च कन्सोलचा, म्हणजे गूगल शोधातून साइटवर किती लोक येतात ते दाखवणाऱ्या गूगलच्या साधनाचा, फक्त बघण्यापुरता ॲक्सेस माग. तिथे मागच्या सोळा महिन्यांचे क्लिक दिसतात आणि गूगलने कारवाई केली असेल तर तीही दिसते. कमाईसाठी बँकेचा उतारा माग. ॲडसेन्सचे, म्हणजे साइटवरच्या गूगल जाहिरातींचे, पैसे साधारण महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान सुटतात, आणि शिल्लक शंभर डॉलरच्या खाली असेल तर पुढच्या महिन्यावर जातात. म्हणजे काही महिने कोरे दिसले तर बिचकू नकोस, पण वर्षाची बेरीज जुळलीच पाहिजे. ॲक्सेस द्यायला कां-कूं करणाऱ्याशी पुढे बोलत बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

साइटवर येणारे सगळे मोजणाऱ्या ॲनालिटिक्समध्ये रोजचे तीन हजार लोक आणि सर्च कन्सोलमध्ये क्लिक चारशे, असं चित्र दिसलं तर उरलेले कुठून येतात? विकत घेतलेली खोटी गर्दी असू शकते. पण भरतीच्या साइटवर व्हॉट्सॲप ग्रुपमधून येणारी खरी पोरंही बहुतेक ‘डायरेक्ट’, म्हणजे थेट आलेली, म्हणूनच मोजली जातात, त्यामुळे लगेच चोर ठरवू नकोस. ग्रुप कुठले, किती, ॲडमिन कोणाच्या नंबरवर, हे विचार.

कारण मुद्दा तिथेच आहे. साइटची किंमत ठरते ती सौदा झाल्यावर तुझ्याकडे काय येतं त्यावर. त्याचं ॲडसेन्स अकाउंट तुझ्या नावावर होत नाही. तुला तुझं अकाउंट लागेल आणि त्यात ही साइट नव्याने मंजूर करून घ्यावी लागेल. पत्ता पडताळणीचा पिन पोस्टाने येतो, तेव्हा पोस्टमनला आधीच सांगून ठेव. ग्रुप त्याच्या खासगी मोबाइलवर असतील तर ॲडमिनपद तुझ्याकडे यायला हवं, नाहीतर तोच माणूस दोन महिन्यांनी नवी साइट काढून त्याच ग्रुपात लिंक टाकेल. करारात ‘अशाच विषयाची साइट दोन वर्षं काढणार नाही’ हे लिहून घे. टेलिग्राम चॅनेल, फेसबुक पेज, जीमेल, सगळं नावानिशी यादीत यायला हवं. जे यादीत येणार नाही त्याचे पैसे भावातून काप.

‘डीए ३५ आहे’ असंही त्याने लिहिलंय. डीए, म्हणजे डोमेनचं वजन, हा मॉझ नावाच्या कंपनीचा अंदाज आहे, गूगल तो वापरत नाही, आणि दुसऱ्या साइट्सवर भाड्याने लिंका लावून तो फुगवता येतो. त्यापेक्षा डोमेन वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे साइट्सची जुनी पानं जपणाऱ्या संग्रहात, टाक आणि पाच-सात वर्षांपूर्वी तिथे काय होतं ते बघ. आज मराठी भरती आणि तेव्हा जुगाराची जाहिरात, असं निघालं तर सोडून दे. मुदत संपलेलं डोमेन उचलून त्याच्या जुन्या वजनावर भलताच मजकूर चढवणं आणि यंत्राने एकगठ्ठा पानं पाडणं, या दोन्हींना गूगलने मार्च २०२४ मध्ये स्पॅमच्या नियमांत नाव घेऊन बसवलंय. अशी साइट आज चालत असेल, पण उद्याचं सांगता येत नाही, आणि उद्या ती तुझी असणार.

मजकूर तपासायच्या कामात मात्र तुला कोणी शिकवायला नको. तुझ्या बाबांच्या वखारीत बोदातला, म्हणजे मोठ्या पोत्यातला, वरचा माल बघून कोणी भाव सांगत नाही, मधला काढून बघतात. तसंच त्याने पाठवलेल्या लिंका उघडू नकोस, मागच्या वर्षीची कुठलीही वीस पानं काढ. मराठी माणसाने लिहिलेली आहेत की इंग्रजी-हिंदीवरून यंत्राने उलटवलेली, हे तुला दुसऱ्या ओळीत कळेल. परदेशातल्या खरेदीदाराला ते जन्मात कळणार नाही. भरतीच्या मूळ जाहिरातीची लिंक दिलीय की ‘अर्ज करा’च्या बटणाखाली कमाईची जाहिरातच लपवलीय? तारीख वाढली तेव्हा पान बदललं का? लोगोत राजमुद्रेचे सिंह वापरलेत का? भरतीच्या साइटवाल्यांना हा भारी सोस. राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, आणि तो लोगो पहिल्याच दिवशी काढावा लागेल.

माझा सगळ्यात जास्त भरवसा आणखी एका गोष्टीवर आहे. सर्च कन्सोलमध्ये लोकांनी काय टाइप केलं त्याची यादी असते. त्यात ‘पोलीस भरती’, ‘तलाठी भरती’ असणारच. पण साइटचं स्वतःचं नाव टाइप करून किती जण येतात ते बघ. नाव घेऊन शोधणारे असतील तर ती साइट लोकांच्या लक्षात राहिलीय, आणि ते लोक मालक बदलला म्हणून लगेच जात नाहीत. नाव कोणीच शोधत नसेल, तर उद्या गूगलने ती पहिल्या पानावरून खाली ढकलली की संपलं. कमाई सारखी असली तरी या दोन साइट्सना मी एक भाव देणार नाही.

अजून एक, हे तुझ्याच फायद्याचं. त्याची साइट कोल्हापूरच्या पलीकडचं, म्हणजे महाराष्ट्राचंच, बघून लिहिलेली आहे. निपाणीतल्या बायका कर्नाटकाच्या गृहलक्ष्मी योजनेच्या दोन हजारांबद्दल विचारतात आणि कागलमधल्या त्यांच्याच सख्ख्या बहिणी लाडकी बहीणच्या दीड हजारांबद्दल. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या उमेदवारांना महाराष्ट्राच्या भरतीत अर्ज करता येतो, त्यासाठी कुठला दाखला लागतो हे पोरं एकमेकांना फोन करून विचारतात. कर्नाटकाच्या जाहिराती कन्नडमधून, महाराष्ट्राच्या मराठीतून, आणि दोन्ही वाचणारी तुझ्यासारखी माणसं थोडी. ही पानं त्याच्याकडे नाहीत. पण त्यांचे पैसे त्याला देऊ नकोस. तू उद्या जे करणार आहेस त्याची किंमत विकणारा मागतो, आणि उत्साहात ती दिली जाते. बाबांना विचार, मोकळ्या जागेचा भाव ‘पुढे रस्ता होणार’ म्हणून कसा चढवतात ते.

सौदा ठरलाच तर व्यवहार टप्प्याने कर. सगळी रक्कम यूपीआयने आधी पाठवायची नाही. रक्कम मोठी असेल तर एस्क्रो, म्हणजे पैसे तिसऱ्याकडे ठेवायचे आणि डोमेन तुझ्या खात्यात आल्यावर सुटायचे. डॉट कॉम डोमेन नुकतंच नोंदवलं किंवा हलवलं असेल तर साठ दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे, सहसा नेता येत नाही. तेव्हा त्याच रजिस्ट्रारकडे तुझं खातं उघड आणि डोमेन तिथल्या तिथे सरकवून घे. मजकुराचा हक्क लेखीच हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे करारात मुदत लिहिली नाही तर हक्क पाचच वर्षांचा धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. दोन्ही गोष्टी स्पष्ट शब्दांत लिहून घे. त्याने दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलं असेल तर त्या माणसाचीही सही लागेल. कराचं सीएला विचार, माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस.

विकण्याचंही तू विचारलं होतंस. ते आता बोलण्यासारखं नाही, पण घेतलीस तर पहिल्या दिवसापासून साइटसाठी वेगळा जीमेल आणि वेगळं बँक खातं ठेव. आईच्या आधारचे फोटो असलेल्या जीमेलवर डोमेन, ॲनालिटिक्स, चॅनेल सगळं उघडायचं आणि विकताना ते सोडवत बसायचं, ही फजिती टाळ. आणि कमाई घसरली असेल तर तीच पहिल्या ओळीत सांग. जाणता खरेदीदार ती शोधणारच, आणि त्याने शोधली की तुझ्या बाकीच्या आकड्यांवरचा त्याचा विश्वासही जातो.

आज त्याला एवढंच लिही: सर्च कन्सोलचा ॲक्सेस, वर्षभराचा बँकेचा उतारा आणि ग्रुप-चॅनेलची यादी. भावाबद्दल चकार शब्द नको. ॲक्सेस आला की कळव, मी पुढच्या आठवड्यात निपाणीला येतोय, तेव्हा बसून बघू.

तुझा,
काका