उपास चाळीस दिवसांचा, हिशेब 640 रुपयांचा

“मॅडम, चर्चमध्ये मी एक असतो आणि बाहेर आल्यावर दुसराच. मी ढोंगी आहे का?”

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांतून हा प्रश्न सतत येतो, फक्त तोंडं बदलतात. हॉस्पिटलमधल्या एक सिस्टर म्हणाल्या, “पेशंटसाठी मी देवदूत. सासूबाईंसाठी कोण, ते विचारू नका.” एका शिक्षकांनी सांगितलं की सकाळची प्रार्थना संपून अर्धा तास होत नाही तोच पोरांवर हात उगारला जातो. एक दुकानदार बायबलमधली वचनं तोंडपाठ म्हणतात आणि उधारीवाल्याला चारचौघांत सोलून काढतात. सगळ्यांना वाईट वाटतं, मनापासून वाटतं. वर्षानुवर्षं वाटत राहतं आणि वागणं तसंच राहतं.

याला आमच्या सोलापूरची एक बाजू आहे. इथे ख्रिस्ती घरं मोजकी. कारखान्यात, गल्लीत, शाळेत लोक आपल्याकडे ‘चर्चवाले’ म्हणून बघतात, हे लहानपणीच कळतं. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांत शिकलेल्या आज्यांनी आम्हाला टापटीप, वेळ पाळणं, गोड बोलणं लावलं आणि त्याचं ऋण मोठं आहे. पण ‘आपल्या वागण्यातून श्रद्धेची साक्ष दिसली पाहिजे’ हे ऐकत वाढलेला माणूस चूक दुरुस्त करायच्या आधी ती झाकायला शिकतो. माझ्या खोलीत मी ते रोज बघते.

विलासरावांची गोष्ट सांगते. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत आणि पुष्कळ बैठकांचं बोलणं इथे थोडक्यात आलं आहे. पन्नाशीच्या आतबाहेरचे गृहस्थ, टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, चर्चच्या मंडळीच्या कमिटीवर. प्रार्थना अशी करतात की म्हाताऱ्या बायका डोळे पुसतात. गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती आणि लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांचा काळ जवळ आला होता. पाळकसाहेबांनीच त्यांना पाठवलं होतं. (आता ते बऱ्याच जणांना पाठवतात. पूर्वी ‘समुपदेशन कशाला, प्रार्थना पुरेशी आहे’ असं म्हणायचे.)

“मी फार पापी माणूस आहे मॅडम,” त्यांनी सुरुवात केली.

“काय केलंत?”

“काय म्हणजे? सगळंच. राग आहे, गर्व आहे. मुलगी चर्चला यायची बंद झाली. म्हणते, ‘पप्पा, तिथे ज्या आवाजात प्रार्थना करता, त्या आवाजात आमच्याशी एकदा बोला की.’ आमच्या मिसेसही गप्प गप्प असतात. मी ठरवलंय, यंदा लेंटचे चाळीसही दिवस कडक उपास करायचा.”

“उपास जरूर करा. पण शेवटचा राग कधी आला, कोणावर?”

“येतोच हो कामावर. माणसं ऐकतच नाहीत.”

“कोणता माणूस?”

ते थोडे चिडले. मी पापी आहे असं पाच वेळा सांगूनही बाईंचं समाधान होत नाही, असा त्यांचा चेहरा झाला होता. बहुतेकांचं इथेच अडतं. ‘मी फार वाईट आहे’ म्हणायला जड जात नाही, उलट म्हटल्यावर थोडं हलकंच वाटतं. ‘शनिवारी दुपारी तीन वाजता अमक्याला सगळ्यांसमोर शिवी दिली’ हे म्हणताना मात्र जीभ अडखळते, कारण त्या वाक्यात समोर एक माणूस उभा असतो आणि त्याला भेटावं लागतं.

मी वागण्यापासून सुरुवात करणाऱ्यांतली आहे. मन बदललं की वागणं बदलतं हे खरंच, पण वागणं नेमकं बदललं की मन मागून येतं, हे मी जास्त वेळा पाहिलंय. म्हणून मी त्यांना पापांची यादी करायला सांगितली नाही. पुढच्या भेटीला येताना एकच प्रसंग आणा, म्हटलं, वार आणि वेळेसकट.

दोनतीन भेटी ते रिकाम्या हातानेच आले. मग मी त्यांच्याच धंद्यातलं विचारलं.

“लूम बंद पडला तर तुम्ही काय करता? लूमच नालायक आहे म्हणून डोक्याला हात लावून बसता?”

“छे! कुठला धागा तुटलाय ते बघायचं, गाठ मारायची, चालू करायचा.”

“मग?”

ते बराच वेळ माझ्या टेबलावरच्या पेल्याकडे बघत राहिले. नंतर म्हणाले, “एक अण्णा आहेत.”

अण्णा म्हणजे त्यांच्या खात्यातले जुने तेलुगू विणकर. मजुरी नगावर. खराब निघालेला टॉवेल ‘सेकंड’ म्हणून वहीत चढतो आणि त्या कारखान्यात त्याचे पैसे विणकराच्या मजुरीतून कापले जायचे. सहा महिन्यांपूर्वी सुट्टीवरून अण्णांशी वाद झाला. अण्णा सगळ्यांदेखत म्हणाले, “साहेब, तुमच्या देवालाही रविवारी सुट्टी असते, मला नको?” लोक हसले. त्या आठवड्यात विलासरावांनी अण्णांचा बराच चांगला माल सेकंडमध्ये टाकला.

“किती पैसे कापले गेले असतील?”

“काय माहीत. किरकोळ.”

“हिशेब करा ना.”

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि माझ्याच पॅडवर आकडेमोड केली. सुपरवायझरला नग पाठ असतात. उत्तर आलं 640 रुपये. पेन हातातच राहिलं. सहा महिने हा माणूस स्वतःला पापी म्हणत गुडघ्यावर बसत होता, पण या 640 रुपयांचा उल्लेख एकाही प्रार्थनेत झाला नव्हता. हे मी बोलून दाखवलं नाही, त्यांनीच म्हटलं. माझ्या कामातला सगळ्यात मोलाचा क्षण कोणता असं विचाराल, तर मी हाच सांगेन. ओळखीचा रडवेला पश्चात्ताप थांबतो आणि माणूस एकदम व्यवहारी दिसायला लागतो. आवाजही बदलतो. विलासराव तर कारखान्यात बोलतात तसे बोलायला लागले, “याचं काय करायचं, सांगा.”

मी त्यांना लूकच्या शुभवर्तमानातला तिसरा अध्याय काढायला सांगितला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोक विचारतात, आम्ही काय करावं? त्यावर तो भावनेचं एक अक्षर बोलत नाही. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायाने कोणावर खोटा आळ घेऊन पैसे उकळू नयेत, आपल्या पगारात भागवावं. ज्याचा जो धंदा, त्यातलीच त्याची खोट. नोकरी सोडा असं तो कोणालाच म्हणत नाही. मग उपासाचा विषय होताच म्हणून यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय. तिथे देवाची तक्रारच ही आहे की उपास करता आणि त्याच दिवशी मजुरांना पिळता.

विलासरावांनी पुस्तक मिटलं. “त्या जकातदार जक्कयाने फसवलेल्यांना चौपट दिले होते ना? म्हणजे 2560?”

“आधी 640 तर द्या.”

ते हसले. माझ्या खोलीत पहिल्यांदाच.

क्षमा मागायला जाणाऱ्या प्रत्येकाला मी थोडं बजावून पाठवते. रागाचं कारण सांगत बसू नका, कारण ऐकणारा न्यायाधीश होतो आणि तुम्ही वकील. रडू नका, नाहीतर समोरच्यालाच तुमचं सांत्वन करत बसावं लागतं. अपमान चारचौघांत केला असेल तर क्षमा एकांतात मागून भागत नाही. आणि त्याने लगेच माफ करावं ही अपेक्षा घरीच ठेवून जा. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, असं येशूने सांगितलंय. भाऊ ताबडतोब गळ्यात पडेल, असं तो कुठेच म्हणालेला नाही.

अण्णांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, “पैसे राहू द्या साहेब, वहीत नीट करा. सहा महिने पोरं मला ‘सेकंडवाले अण्णा’ म्हणतात.”

हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. जुन्या विणकराचं नाव त्याच्या मालावर असतं आणि ते नाव गेलं होतं. वही दुरुस्त करायची म्हणजे मालकाला सांगणं आलं. मालक चिडले, वही बदलायला लागलात तर उद्या प्रत्येक जण येईल म्हणाले. कापलेले पैसे कारखान्यातून परत मिळाले नाहीत. विलासरावांनी त्या नोंदींसमोर ‘माल चांगला होता’ असं लिहून सही केली, जेवणाच्या सुट्टीत खात्यात उभं राहून सगळ्यांना सांगितलं आणि 640 रुपये स्वतःच्या खिशातून अण्णांच्या पाकिटात घातले. त्या वेळी अण्णांनी ते ठेवून घेतले.

घरचं काम तुलनेने सोपं होतं, कारण मुलीने नेमकं उत्तर दिलं. “पप्पा, तुम्ही गाडी लावता आणि हेल्मेट काढायच्या आत ओरडता. कोणाच्या चपला वाटेत, कोणी लाइट चालू ठेवला.” म्हणजे प्रश्न पहिल्या पाच मिनिटांचा. मे महिन्यात अक्कलकोट रोडवरून तापून आलेल्या माणसाच्या बाबतीत हे शरीरालाही धरून आहे. ठरलं असं, की गाडी लावल्यावर पायरीवर बसायचं, पाणी प्यायचं आणि मगच आत जायचं.

“एवढ्याला पवित्र आत्मा कशाला लागतो मॅडम?” त्यांनी विचारलं.

“पंधरा दिवस करून बघा, मग सांगा लागतो की नाही.”

पंधरा दिवसांनी आले ते कबूल करतच आले. चार-पाच दिवस जमलं, मग पायरीवर बसूनही आतल्या चपलाच दिसायला लागल्या. ‘करायचं ते होत नाही आणि नको तेच होतं’ ही प्रेषित पौलाची बायबलमधल्या रोमकरांस पत्रातली कुरकुर त्यांना शाळेपासून पाठ होती, आता ती पायरीवर भेटली. त्यांची प्रार्थना तेव्हापासून लहान झाली असं त्यांच्या मिसेसनीच मला सांगितलं, आणि त्यात घरातल्यांची नावं यायला लागली.

गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली पवित्र आत्म्याच्या फळाची, म्हणजे त्याच्यामुळे अंगी येणाऱ्या गुणांची, यादी आपल्याकडे लहान मुलांनाही येते. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. या नऊपैकी बहुतेक गुण दार बंद करून एकट्याने दाखवताच येत नाहीत. सहनशीलतेला सहन करायला कोणीतरी लागतं, सौम्यतेला समोर चिडवणारं माणूस लागतं. म्हणून मी विचारते, नऊही सोडा, या आठवड्यात एकच गुण कोणासाठी आणि किती वाजता? ‘सासूबाईंना सकाळचा चहा देताना’ असं उत्तर आलं की मला बरं वाटतं. त्या सिस्टरांनी दिलं होतं.

दोन प्रकारच्या माणसांना मात्र हे औषध मी देत नाही. ज्यांना केलेल्या-न केलेल्या पापांचे विचार झोपू देत नाहीत, जे क्षमा मागूनही तीच प्रार्थना दिवसभर पुन्हा पुन्हा म्हणतात, त्यांना मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. त्यांच्या हातात आणखी एक हिशेब देणं क्रूरपणा होईल. आणि नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘ख्रिस्ती सहनशीलता’ शिकवणाऱ्या नातेवाइकांना मी दारातूनच परत पाठवते, मग ते मंडळीतले कितीही मोठे असोत. तिच्या बाबतीत आधी तिची सुरक्षितता, बाकी सगळं नंतर.

विलासराव अजून ओरडतात, पूर्वीपेक्षा कमी. मुलगी नाताळला चर्चला आली, पुढच्या रविवारी आली नाही. त्यांनी तिला त्याबद्दल काही विचारलं नाही, हे त्यांनी मला जरा ऐटीतच सांगितलं. मागच्या भेटीत त्यांनी नवीन अडचण आणली. मालकांना जादा तासांची नोंद कमी करून हवी आहे, सही विलासरावांची लागते आणि मुलीच्या कॉलेजची फी जूनमध्ये भरायची आहे. यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.