अर्काने पेशी मेल्या, पुढे काय?

प्रश्न : माझी मुलगी वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. औषधी वनस्पतींचे अर्क मेंदूच्या कॅन्सरच्या पेशींवर तपासायचे, हे तिने पक्कं ठरवलंय. 'अर्काने पेशी मरतात, मग त्याचं औषध का होत नाही?' असं विचारलं की ती चिडते. यात भवितव्य आहे का? एम.एस्सी. कशात करावी? – एक आई

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न वर्मावर बसतो, म्हणून ती चिडत असावी. आधी तोच घेऊ, कारण एम.एस्सी.चं उत्तर त्यातूनच निघतं.

प्रयोगशाळेतल्या पेशी मारणं फारसं अवघड नाही. भरपूर घातलं तर साधं मीठही त्यांना मारतं. अर्क ज्यात विरघळवतात ते डीएमएसओसुद्धा प्रमाणाबाहेर गेलं की मारतं. म्हणून पाहायचं ते वेगळंच : किती कमी मात्रेत निम्म्या पेशी मरतात? त्या मात्रेत मेंदूच्या निरोगी पेशी तगतात का? अर्कातल्या असंख्य रेणूंपैकी नेमका कोण हे करतो? आणि तो रेणू रक्तातून मेंदूत पोचतो का? मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बहुतेक औषधांना आत येऊच देत नाही. ग्लिओब्लास्टोमा या सर्वांत घातक गाठीवर २००५पासून रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड हेच मुख्य औषध आहे, आणि ते देऊनही निम्मे रुग्ण साधारण सव्वा वर्षच जगतात.

तरीही वनस्पतींची वाट खोटी नाही. सदाफुलीतून मिळालेलं व्हिंक्रिस्टीन मेंदूच्या काही गाठींवर आजही इतर दोन औषधांबरोबर देतात. (ते मेंदूत फारसं शिरत नाही, त्यामुळे त्याचा वाटा किती यावर तज्ज्ञांत वाद आहे.) पॅक्लिटॅक्सेल या कॅन्सरच्या औषधाचा प्रवास तिला जरूर वाचायला सांगा. पॅसिफिक यू या झाडाची साल १९६२मध्ये गोळा केली, रेणूची रचना १९७१मध्ये प्रसिद्ध झाली आणि औषध म्हणून मान्यता मिळाली १९९२मध्ये, तीही अंडाशयाच्या कॅन्सरसाठी. अर्काने पेशी मेल्या, हा त्या तीस वर्षांतला एक छोटा टप्पा. बाकीचा काळ रेणू वेगळा करण्यात, ओळखण्यात, पुरेसा मिळवण्यात आणि माणसांवरच्या चाचण्यांत गेला. नोकऱ्याही बहुतेक त्याच कामांत आहेत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : तिने नैसर्गिक पदार्थांच्या रसायनशास्त्राकडे वळावं. अर्क पेशींवर टाकून आकडा काढणारे पुष्कळ आहेत. अर्क टप्प्याटप्प्याने विभागून त्यातला गुणकारी रेणू हाती काढणारे थोडे. क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातले रेणू वेगळे करण्याचं तंत्र), मास स्पेक्ट्रोमेट्री आणि एनएमआर (रेणूचं वजन आणि रचना ओळखण्याची तंत्रं) येत असेल तर औषध कंपनी, गुणवत्ता तपासणी, पेटंटचं काम, सगळीकडे दार उघडं राहतं. पेशींचीच ओढ असेल तर जैवरसायन किंवा जैवतंत्रज्ञान घ्यावं, मात्र मग पीएच.डी.ची तयारी ठेवावी. वनस्पतिशास्त्र वाया जात नाही. झाडाची ओळखच चुकली तर पुढचं सगळं संशोधन फुकट जातं, आणि योग्य नमुना हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जमा करण्याची शिस्त रसायनवाल्यांकडे अनेकदा नसते.

तिचा पिंड या कामाचा आहे का, हे जोखायला दोन गोष्टी सांगते. पेशी जिवंत आहेत का हे पाहायला एमटीटी चाचणी करतात. जिवंत पेशी पिवळ्या रंगद्रव्याचं जांभळं करतात. पण वनस्पतींतली काही पॉलिफेनॉल्स पेशी नसतानाही तो रंग बदलतात, म्हणजे मेलेल्या पेशी जिवंत भासू शकतात. दुसरं, जगभर वापरली जाणारी यू-८७ ही ग्लिओब्लास्टोमाची सेल लाइन (एका रुग्णाच्या गाठीतून घेऊन प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी) मूळ रुग्णाच्या गाठीशी जुळत नाही, हे २०१६मध्ये उघड झालं. असल्या भानगडी निस्तरण्यात तिला रस वाटत असेल तर पुढे जावं. कंटाळा येत असेल तर हे ध्येय फक्त नावाला आवडलंय, असं समजा.

प्रवेश घेण्याआधी तिने मार्गदर्शकांना थेट विचारावं : निरोगी पेशींवरही तपासता का? सेल लाइनची डीएनए ओळख केव्हा पडताळली? मागच्या अर्कातून एखादा रेणू वेगळा झाला का? तुमचे आधीचे विद्यार्थी सध्या कुठे आहेत? शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर दुसरी प्रयोगशाळा शोधावी.