जिल्हा परिषदेच्या शाळेत धार्मिक पूजेची सक्ती करता येते का?

नाही. राज्यघटनेच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षणच देता येत नाही. अनुदानित खासगी शाळेतसुद्धा पालकांच्या संमतीशिवाय मुलाला पूजेला बसवता येत नाही. धर्मांची माहिती देणं वेगळं. त्याला २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हरकत घेतली नाही.

दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती मीही हौसेने काढलीय. पण एखादी मुलगी पाटी कोरी ठेवून बसली, तर तिला सगळ्यांदेखत ‘का नाही काढलीस?’ विचारणं मला अजिबात पटत नाही. सात वर्षांचं लेकरू गुरुजींना नाही म्हणूच शकत नाही हो! विचारायचं ते पालकांना, आणि आधी विचारायचं.