८१ टक्के आणि शिष्यवृत्ती: मार्कांपेक्षा कागद आधी बघ

बाय, तू लिहिलं आहेस की बारावी विज्ञानात ८१ टक्के पडलेत, डिचोलीला राहतेस, खाण बंद झाल्यापासून बाबा दुसऱ्याचा ट्रक चालवतात, घरचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत आहे, आणि बीएस्सीला जायचं आहे. मैत्रिणींना नव्वदच्या वर पडलेत, मग आपण अर्ज करून उपयोग काय, असं तुला वाटतंय. मी कॉलेजात शिष्यवृत्तीचे अर्ज तपासायचं काम बरीच वर्षं केलं. त्या टेबलावरून सांगते: मार्क कमी म्हणून मागे राहिलेली मुलं मी पाहिली, पण कागदांच्या घोळात अडकलेली त्याहून जास्त पाहिली.

आधी तुझ्या मार्कांचं बघू. केंद्र सरकारची कॉलेज विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती आहे, तिची अट टक्क्यांवर नाही, पर्सेंटाइलवर आहे. आपल्या गोवा बोर्डातून, तुझ्या शाखेत पास झालेल्यांपैकी वरच्या २० टक्क्यांत तू आहेस का, हे तिथे आधी बघतात. ते त्या वर्षीच्या निकालावर ठरतं, म्हणून ८१ हा आकडा बघून आपणच आपल्याला बाद करू नये. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत चालतं, पदवीला वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पदव्युत्तरला २०,०००. निम्म्या जागा मुलींना आहेत. विज्ञान, वाणिज्य आणि कला यांच्यात जागा ३:२:१ अशा वाटल्या जातात, म्हणजे तुझ्या शाखेचा वाटा सगळ्यात मोठा. विज्ञानाच्या पदवीला वर्षाला ८०,००० देणारी इन्स्पायर मात्र बोर्डातल्या वरच्या एक टक्क्यासाठी आहे, तिच्या मागे आत्ता वेळ घालवू नकोस. बीएस्सीऐवजी इंजिनिअरिंगला गेलीस तर मुलींसाठी प्रगती शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५०,०००, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख.

आता कागद. आपल्या गोव्यात हा विषय बाकीच्यांपेक्षा अवघड आहे आणि बाहेरचे मार्गदर्शक तो सांगत नाहीत. कितीतरी घरांत जुन्या जन्मनोंदी पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगमध्ये आहेत. एका मुलीचा अर्ज माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. तिच्या मार्कशीटवर आडनाव नाईक, स्पेलिंग एन-ए-आय-के. बाबांचा उत्पन्नाचा दाखला त्यांच्या जन्मनोंदीप्रमाणे निघालेला, त्यावर एन-ए-आय-क्यू-यू-ई. वर बाबांचं नाव एकीकडे विठ्ठल, दुसरीकडे विठू. माणूस एकच, हे मला समोर दिसत होतं, पण कागदावर ते सिद्ध होत नव्हतं. मी अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठवला. ती मामलेदार कचेरीत धावली. तिथून दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचा दाखला मिळतो, त्याला सगळे डायव्हर्जन्स सर्टिफिकेट म्हणतात. तो हातात पडला तेव्हा ऑनलाइन अर्जाचं पोर्टल बंद झालं होतं. चार दिवस आधीच. हुशार पोर होती, ८८ टक्के होते तिला. त्या चार दिवसांची हळहळ मला आजही वाटते.

म्हणून अर्ज सुटायची वाट बघू नकोस. आजच जेवणाच्या टेबलावर आधार, दहावी-बारावीची मार्कशीट, जन्मदाखला, रेशनकार्ड आणि बाबांचं आधार ओळीने मांड, आणि नावातलं एकेक अक्षर ताडून बघ. उत्पन्नाचा आणि पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला मामलेदारांकडूनच निघतो. निकालानंतर तिथे रांग लागते, तेव्हा लवकर जा.

अर्जही पहिल्या आठवड्यातच भर. कॉलेजात पडताळणी करणाऱ्याला चूक दिसली तर तो अर्ज परत पाठवू शकतो, तू दुरुस्त करून पुन्हा भरू शकतेस. शेवटच्या दिवशी आलेल्या अर्जाला ही सवलत नावालाच उरते. भरून झाल्यावर कॉलेजच्या ऑफिसात जाऊन "माझा अर्ज तुमच्याकडून पुढे गेला का" हे विचारायला लाजू नकोस. विचारणाऱ्या मुलांचा आम्हाला कधी राग आला नाही.

बँकेचंही एक आहे. पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. एकीला पोर्टलवर पैसे जमा झाल्याचं दिसत होतं आणि पासबुकात काहीच नव्हतं. रडतच आली होती. शोधता शोधता सातवीत शाळेने उघडून दिलेलं दुसऱ्या बँकेतलं खातं सापडलं, पैसे तिथे पडून होते. बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते आत्ताच विचारून घे.

सरकारी योजनांवरच थांबू नकोस. देवस्थानं, पतसंस्था, ज्ञातिसंस्था, गावातले ट्रस्ट मदत देतात, आणि तिथे अर्ज फार थोडे येतात. गावडा, कुणबी, वेळीप समाजातली असशील तर आदिवासी कल्याण खात्याची गगन भरारी योजनाही बघ. फक्त केंद्राची शिष्यवृत्ती घेताना दुसरी घेता येत नाही, ही अट वाचूनच ठरव.

ट्रस्टकडे बहुतेक वेळा स्वतःबद्दल एक पान लिहावं लागतं. "मी अत्यंत गरीब व होतकरू विद्यार्थिनी आहे" हे वाक्य निवड करणाऱ्यांनी शेकडो वेळा वाचलेलं असतं. त्याऐवजी घडलं ते लिही: २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा घरात काय बदललं, कुठली शिकवणी सोडावी लागली, तो अभ्यास तू कुणाच्या मदतीने पुरा केलास, बीएस्सीत नेमकं काय शिकायचंय, फी किती, घरून किती जमते, किती कमी पडतात. आकडे लिहायला संकोचू नकोस. शिक्षकांचं शिफारसपत्र हवं असेल तर तीन आठवडे आधी माग आणि सोबत तुझी चार ओळींची माहिती दे, नाहीतर ते बिचारे सगळ्यांना देतात तेच पत्र देतील.

मिळाल्यावर दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. केंद्राच्या शिष्यवृत्तीला ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी लागते. हजेरीमुळे दुसऱ्या वर्षी ती घालवलेली मुलं मी पाहिली आहेत.

आता आधी एवढं कर, बाबांचं नाव तुझ्या मार्कशीटवर आणि त्यांच्या आधारवर कसं आहे ते अक्षर न् अक्षर मला लिहून पाठव. फरक असला तर मामलेदारांना द्यायच्या अर्जाचा मसुदा मी करून देते.