खाड्याचा दुसरा दिवस

प्रश्न : मी २३ वर्षांची, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर. पोलीस भरतीसाठी पहाटे रंकाळ्यावर पळायला जाते. तीन-चार आठवडे सुरळीत जातात. मग पावसानं किंवा घरच्या कार्यानं एक खाडा झाला, की पुढचे आठ-दहा दिवस पायच उचलत नाही. ८०० मीटर पळतानाही दुसऱ्या फेरीत मन कच खातं. घरचे म्हणतात, ‘तुझ्यात जिद्दच नाही.’ जिद्द वाढवता येते का?

उत्तर : येते. पण महिनाभर पहाटे उठून पळणाऱ्या मुलीत जिद्द नाही, हे आम्हाला मुळीच पटत नाही. तुमचं गाडं अडतं ते खाड्याच्या दुसऱ्या दिवशी. ‘मोडलंच आता, सोमवारपासून नव्यानं’ हा विचार घात करतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक ६६ निघाला, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त. कुणाला १८, तर कुणाला अंदाजे २५४. मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. तुम्ही मात्र चौथ्या आठवड्यातच थांबता, म्हणजे सवय रुजायच्या आधी. तोवर रोज मनाला ओढून न्यावं लागणारच.

म्हणून आज रात्रीच एक ‘जर-तर’ कागदावर लिहून बुटांत ठेवा : ‘काल खाडा झाला असेल, तर आज साडेपाचला फक्त १० मिनिटं हलकं पळून परत यायचं.’ दहाच. बुडालेलं भरून काढायला दुप्पट पळालात, तर पाय भरून येतात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा खाडा. आजारातून उठलेल्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी सगळे जोर मारायला लावत नाहीत, ते याचसाठी. दुसरं वाक्य पावसाचं : ‘साडेपाचला पाऊस कोसळत असेल, तर घराच्या सोप्यात १५-१५ बैठका तीनदा.’ ‘काहीतरी करीन’ असं मोघम लिहू नका. पहाटे झोपाळलेल्या मनाला ठरवायला लावलं, तर ते अंथरुणाच्याच बाजूनं कौल देतं. घरचं कार्य आधी कळतं. तो दिवस कॅलेंडरवर सुट्टीचा म्हणून मांडा.

आता दुसरी फेरी. इथं बहुतेक वेळा मन नव्हे, वेग चुकलेला असतो. ३ मिनिटांत ८०० मीटर पळायचं, तर दर २०० मीटरला ४५ सेकंद येतात. पहिले २०० मीटर ३८ सेकंदांत मारले, तर तिसऱ्या टप्प्यात दम तुटतो आणि आपण त्याला ‘कच खाल्ली’ म्हणतो. ४०० मीटरच्या मैदानावर आठवड्यातून एकदा २०० मीटर चार वेळा पळा, मध्ये दोन मिनिटं चाला. भावाला किंवा मैत्रिणीला घड्याळ घेऊन उभं करा. चारही वेळा ४४ ते ४६ सेकंद आले पाहिजेत. पहिल्या वेळी ४२ आले, तर शाबासकी नको, ‘सावकाश’ म्हणायला सांगा. आणि ४०० ते ६०० मीटर या पट्ट्यात मनात पावलं मोजा, एक ते वीस, पुन्हा एक ते वीस. उरलेलं अंतर मोजत बसलात, की ते अंगावर येतं.

एक दुखणं मात्र जिद्दीनं रेटू नका. नडगीच्या हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशी एकाच जागी कळ येत असेल आणि बसल्यावरही ती थांबत नसेल, तर पळणं थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. घरच्यांनाही हे आधीच सांगून ठेवा.