चेंगदूला तीन दिवस पुरतील का? काय पाहावं, काय खावं?

पुरतील, फक्त रोज दहा ठिकाणं उरकायचा हट्ट नको. चीनच्या सिचुआन प्रांताची ही राजधानी निवांतपणासाठीच ओळखली जाते.

पांडा पहिल्या दिवशीच उरका. 1987 साली सुरू झालेलं पांडा प्रजनन केंद्र शहराच्या उत्तरेला आहे. दार उघडतानाच हजर राहा. सकाळी ते बांबू खात बसलेले दिसतात. दुपारी, त्यातून उन्हाळ्यात, नुसते लोळलेले. तिकीट आधी ऑनलाइन काढा, पासपोर्ट जवळ ठेवा.

दुपारी पीपल्स पार्कमधलं हमिंग चहाघर गाठा. झाकणाच्या पेल्यात चहा मिळतो, वर गरम पाणी ओतून घेत तासन्‌तास बसा, कोणी उठवत नाही. चिमटे वाजवत कान साफ करणारेही फिरतात. मला तरी धीर झाला नसता!

खाण्याचं म्हणाल तर इथल्या तिखटात मिरचीइतकंच महत्त्व 'ह्वाजिआव'ला. हे आपल्या तिरफळाचं सख्खं भावंड, पण जीभ पार बधिर करतं. हॉटपॉट, म्हणजे टेबलावरच उकळत्या रश्श्यात शिजवून खायचा प्रकार, घेताना मधे पडदी असलेलं भांडं मागा, एका बाजूला बिनतिखट रस्सा. मापो तोफू, म्हणजे तिखट रश्श्यातलं सोयाबीनचं पनीर, इथलंच. मात्र शाकाहाऱ्यांनो, त्यात बहुधा खिमा असतो, तोही गोमांसाचा. वनशू मठातलं शाकाहारी उपाहारगृह तुमच्यासाठी बरं.

एक संध्याकाळ सिचुआन ऑपेराला, क्षणात मुखवटे बदलतात ते बघायला. तिसरा दिवस दूजियांगयानला द्या: इ.स.पू. 256 च्या सुमाराची, धरण न बांधता नदी विभागणारी सिंचन व्यवस्था, अजून चालू आहे.